पायरीवरचा धक्का
चाकांवरच्या घरातील विजेचा इतिहास

१९७८ च्या पौषात एका यात्रेत माझे मामा गेले. ते टुरिंग टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. तंबूमागे उभ्या असलेल्या ट्रकमध्ये प्रोजेक्टर होता. दुसरा खेळ सुरू होण्याआधी मामा चहा पिऊन परत आले, ट्रकमध्ये चढण्यासाठी त्यांनी मागच्या बाजूची लोखंडी दांडी धरली आणि ते तिथेच खाली पडले. लोकांनी तळपाय चोळले, कांदा हुंगवला. बैलगाडीतून तालुक्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळे संपले होते. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो.

घरात कुजबूज झाली ती शॉकची. टॉकीजच्या मालकाने मात्र दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, ट्रकमध्ये त्या वेळी चौघे होते, त्यांचे हात पत्र्याला, मशीनला लागत होते, कुणालाही काही जाणवले नाही. दुसरी, हीच मशीन याच ट्रकमध्ये बारा वर्षे चालू होती आणि कुणाला मुंगीसुद्धा चावली नव्हती. तेव्हा हा झटका विजेचा नव्हे, हृदयाचा. शवविच्छेदन झालेच नव्हते. भरपाईचा प्रश्न तिथेच मिटला आणि मामांना दारूची सवय होती, ही खोटी गोष्टही त्यानंतर कुणीतरी जोडून दिली.

पुढे मी आयटीआयला वायरमनचा ट्रेड केला आणि तीस वर्षे गाड्यांच्या वायरिंगचे काम केले. ट्रकच्या त्या टोळीतले दोघे मला नंतर भेटले, एक तिकिटावर बसणारा आणि दुसरा ड्रायव्हर. त्यांनीही मालकाच्या दोन्ही गोष्टी खऱ्या असल्याचे सांगितले. म्हणजे साक्ष खोटी नव्हती. तरीही निष्कर्ष मला पटत नव्हता, आणि का पटत नाही ते मांडताही येत नव्हते.

उत्तराचे टोक मिळाले ते २०१८ साली, तेही अनपेक्षित ठिकाणी. माझ्या पुतण्याने अमेरिकेत सुटीसाठी भाड्याने एक मोटरहोम घेतले होते. आत स्वयंपाकघर, बिछाने, न्हाणीघर असलेली बसएवढी गाडी. तिच्यासोबत मिळालेल्या सूचनापत्राचे फोटो त्याने मला गंमत म्हणून पाठवले. त्यातील एका सूचनेचा आशय असा होता : गाडीचे दार बाहेरून धरताना हाताला मुंग्या आल्यासारखे वाटले तर दार सोडा, कुणालाही जवळ येऊ देऊ नका आणि आधी खांबावरचा वीजपुरवठा बंद करा. ‘बाहेरून’ या शब्दाशी मी थांबलो. आतल्या माणसाला काही होत नाही आणि बाहेरच्याला होते, हे त्या देशात इतके नेहमीचे होते की भाड्याच्या गाडीच्या कागदावर ते छापले गेले होते. त्यानंतरची काही वर्षे मी या चाकांवरच्या घरांचा आणि त्यांतल्या विजेचा माग काढत राहिलो. हा लेख त्या शोधाचा आहे.

घराला चाके, चाकांना दिवे

हौसेखातर चाकांवर घर बांधण्याचा मान बहुधा विल्यम गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश गृहस्थाला दिला जातो. ते नौदलातील निवृत्त डॉक्टर आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारे लेखक होते. १८८५ साली त्यांनी ब्रिस्टल वॅगन वर्क्सकडून ‘वाँडरर’ नावाची सुमारे दोन टनांची गाडी बांधून घेतली, तिला दोन घोडे जुंपले आणि इंग्लंडपासून स्कॉटलंडपर्यंत प्रवास केला. दुसऱ्या वर्षी त्यांचे प्रवासवर्णनही आले. त्या गाडीत वीज नव्हती, त्यामुळे धोका होता तो आगीचा आणि घोडे बुजण्याचा.

१९१० साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील प्रदर्शनात पिअर्स-ॲरो कंपनीने ‘टूरिंग लँडो’ मांडली. तिच्या मागच्या बैठकीचा बिछाना होई, हात धुण्याचे भांडे होते आणि मालकाला ड्रायव्हरशी बोलण्यासाठी टेलिफोन होता. पण मोटारीत विजेने खरे घर केले ते १९१२ साली. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेवरचा स्टार्टर त्या वर्षी कॅडिलॅक गाडीत बसला. तोपर्यंत इंजिन हँडल मारून चालू करावे लागे आणि उलट फिरलेल्या हँडलने मनगटे मोडत. केटरिंग यांच्या रचनेत बॅटरी, डायनॅमो, स्टार्टर, ठिणगी आणि दिवे ही सगळी एका कुटुंबातली माणसे झाली : इंजिन डायनॅमो फिरवील, डायनॅमो बॅटरी भरील आणि बॅटरी पुन्हा इंजिनाला जागे करील. आजही माझ्या गॅरेजमध्ये येणारी प्रत्येक गाडी याच तत्त्वावर चालते.

पुढचा टप्पा वॉली बायम यांचा. १९३६ साली त्यांच्या एअरस्ट्रीम कंपनीने ‘क्लिपर’ नावाची ॲल्युमिनियमची गोलाकार ओढगाडी १२०० डॉलरला विकायला काढली. चौघांची झोपण्याची सोय, स्वतःची पाण्याची टाकी आणि सर्वत्र विजेचे दिवे, हे तिचे वैशिष्ट्य. मंदीच्या काळात ही रक्कम लहान नव्हती. बायम यांचे स्वप्न असे, की घर कुठेही उभे करावे आणि कुणाच्या दाराशी जावे लागू नये. १९५९ साली त्यांच्या नेतृत्वाखाली एकेचाळीस गाड्यांचा तांडा केपटाउनहून कैरोकडे निघाला. १९६२ मध्ये बायम वारले, पण १९६३-६४ साली सिंगापूरहून लिस्बनला निघालेला त्यांचा जगप्रदक्षिणेचा तांडा भारतातूनही गेला. १९६६ पासून आयोवातील विनेबागो कंपनीने मोटरहोम मोठ्या प्रमाणात बनवायला घेतली आणि श्रीमंतांची हौस मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली.

या प्रवासात एक गोष्ट गुपचूप घडली. गाडीतल्या घरात एक नव्हे, दोन विजा नांदू लागल्या.

धाकटी वीज

पहिली वीज बॅटरीची. तिचे मूळ १८५९ मधले. फ्रेंच शास्त्रज्ञ गॅस्टन प्लांटे यांनी शिशाचे दोन पत्रे आम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी केली. अमेरिकन मोटारी १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सहा व्होल्टच्या होत्या, मग बारा व्होल्ट रूढ झाले आणि गाडीतील घरांनीही तेच घेतले. दिवे, पाण्याचा पंप, पंखा, शेगडीची ठिणगी, हे सगळे बारा व्होल्टवर चालते.

बारा व्होल्टचा शॉक बसत नाही, म्हणून ही वीज गरीब गाय समजली जाते. इथे लोक फसतात. व्होल्ट कमी असले की तेवढ्याच कामासाठी अँपिअर जास्त लागतात. १०० वॉटच्या यंत्राला २३० व्होल्टवर अर्ध्या अँपिअरहूनही कमी प्रवाह पुरतो, बारा व्होल्टवर तो आठ अँपिअरच्या वर जातो. इन्व्हर्टर लावून १२०० वॉटची शेगडी चालवायची ठरवली, तर बॅटरीतून १०० अँपिअर ओढले जातात. घरातल्या दिव्याला वापरतो तशी बारीक वायर तिथे लावली तर ती काही मिनिटांत लाल होते. शॉकने माणूस मरत नाही, पण गाडी जळते. म्हणून फ्यूज हा बॅटरीच्या अगदी जवळ, पहिल्या वीतभर अंतरात असावा. दूर बसवला, तर बॅटरी आणि फ्यूज यांमधली वायर पत्र्यावर घासून सोलली गेल्यावर तिला वाचवणारे कुणी नसते. मी जळालेल्या जितक्या गाड्या उघडल्या, त्यांत निम्म्यांत फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार गुंडाळलेली होती. फ्यूज सारखा उडतो म्हणून तो काढणे म्हणजे कुत्रा सारखा भुंकतो म्हणून त्याला हाकलण्यासारखे आहे.

दुसरी फसगत बॅटरीच्या जातीची. इंजिन सुरू करणारी बॅटरी पळणाऱ्या घोड्यासारखी असते. पातळ पत्र्यांची, क्षणभर प्रचंड जोर देणारी. घर चालवायला नांगराचा बैल लागतो. जाड पत्र्यांची, तासन्‌तास सावकाश देत राहणारी. दोन्ही कामे एकाच बॅटरीवर टाकली, की रात्री दिवे जळतात आणि सकाळी इंजिन उठत नाही. म्हणून चाकांवरच्या घरात दोन वेगळ्या बॅटऱ्या ठेवण्याची आणि इंजिन बंद होताच त्यांना तोडणारा रिले बसवण्याची पद्धत रुळली. शिशाची पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२.१ च्या आसपास ती अर्धी रिकामी झालेली असते आणि त्याखाली वारंवार नेल्यास लवकर मरते. भरताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून तिला हवा खेळती लागते आणि झाकण उघडून विडी ओढणारा माणूस जवळ नको.

आता लिथियम लोह फॉस्फेटच्या बॅटऱ्या आल्या आहेत. हे रसायन १९९० च्या दशकात टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने पुढे आणले. गुडइनफ यांना लिथियम बॅटरीवरील कामासाठी २०१९ चे नोबेल मिळाले. ही बॅटरी हलकी आणि दीर्घायुषी आहे. पण गोठणबिंदूखाली ती भरली तर आतून बिघडते आणि शिशाच्या बॅटरीचा जुना चार्जर तिला चालेलच असे नाही. बैल बदलला तर जूही बदलावे लागते.

थोरली वीज

दुसरी वीज बाहेरून येते. अमेरिकेत १२० व्होल्ट, ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे २३० व्होल्ट. छावणीच्या जागेवर एक खांब असतो, त्यावरच्या सॉकेटमध्ये गाडीची जाड केबल खोचायची. अमेरिकेत लहान गाडीसाठी ३० अँपिअरचे सॉकेट असते. ३० गुणिले १२० म्हणजे ३६०० वॉट. एवढ्यात वातानुकूलन यंत्र, मायक्रोवेव्ह आणि हीटर तिन्ही एकदम चालत नाहीत. ही बेरीज ज्याला येते त्याचा ब्रेकर पडत नाही आणि सॉकेट जळत नाही. बाहेरून आलेल्या याच विजेतून ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायर असलेला ‘कन्व्हर्टर’ बारा व्होल्टची वीज करतो आणि बॅटरी भरतो. दोन विजांची गाठ तिथे पडते.

त्या ३० अँपिअरच्या सॉकेटचे अमेरिकेत एक कुप्रसिद्ध दुखणे आहे. ते कपडे वाळवणाऱ्या यंत्राच्या २४० व्होल्टच्या जुन्या सॉकेटसारखे दिसते. घरच्या अंगणात गाडी उभी करायची म्हणून बोलावलेला वायरमन सवयीने त्यात २४० व्होल्ट देतो आणि गाडीतली सगळी यंत्रे एका क्षणात जळतात. तो वायरमन अडाणी नसतो. त्याने घरे बांधली आहेत, पण चाकांवरचे घर वेगळे आहे हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

ते वेगळे का आहे? घर जमिनीवर उभे असते, गाडी रबरावर. हा फरक कळला की माझ्या मामांच्या ट्रकचे कुलूप उघडते.

तारेवर बसलेल्या चिमणीला शॉक बसत नाही, कारण तिचे दोन्ही पाय एकाच दाबावर असतात. वीज एका दाबाकडून दुसऱ्या दाबाकडे वाहते, नुसत्या दाबात बसून नव्हे. गाडीच्या बॉडीला करंट आला, तर आतली माणसे म्हणजे तारेवरच्या चिमण्या. छत, जमीन, मशीन, दांडी, सगळे २३० व्होल्टवर, आणि तीही २३० व्होल्टवर. कुणाला काही कळत नाही. फ्यूजही उडत नाही, कारण रबरी टायरमुळे विजेला जमिनीत उतरायला वाट नाही. मग कुणीतरी ओल्या जमिनीवर पाय ठेवून बाहेरून दांडी धरतो. ती वाट म्हणजे तो माणूस. गाडीत जाताना आणि उतरताना ज्या एका क्षणी माणूस अर्धा जमिनीचा आणि अर्धा गाडीचा असतो, तो क्षण धोक्याचा. अमेरिकन कागदावरचा ‘बाहेरून’ हा शब्द एवढ्यासाठी होता.

यावर उपाय म्हणजे केबलमधली तिसरी तार, अर्थिंगची. ती गाडीच्या बॉडीला खांबाच्या अर्थशी जोडते. बॉडीला करंट आला की वीज या तारेने धावते, प्रवाह मोठा होतो आणि ब्रेकर पडतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत या गाड्यांसाठी ५५१ क्रमांकाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्याचा एक मुख्य दंडक असा, की गाडीच्या आत न्यूट्रल आणि बॉडी एकमेकांना जोडायची नाहीत. ती गाठ बाहेर, पुरवठ्याच्या मुळाशी एकदाच मारायची. कारण गाडी रोज नव्या खांबाला बांधली जाते, आणि एखाद्या खांबावर फेज आणि न्यूट्रल उलटे असले तर आतली गाठ सगळी बॉडी फेजला जोडून देईल.

मिलिअँपिअरचा हिशेब

आता फ्यूजचा प्रश्न. फ्यूज माणसासाठी नसतो, तारेसाठी असतो. हे वाक्य मी शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी सांगतो, पण त्याचा आकड्यांतला पुरावा कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक चार्ल्स डाल्झील यांच्या कामात आहे. १९४० आणि ५० च्या दशकांत त्यांनी स्वयंसेवकांच्या हातात तार देऊन प्रवाह हळूहळू वाढवला आणि कोणत्या आकड्यावर माणसाला तार सोडता येत नाही ते मोजले. १३४ पुरुष आणि २८ स्त्रिया. सरासरी आली पुरुषांची १६ मिलिअँपिअर, स्त्रियांची साडेदहा. त्यापुढे स्नायू आखडतात आणि मूठ उघडत नाही. प्रवाह आणखी वाढून काही क्षण छातीतून गेला, तर हृदयाची लय तुटते.

१५ अँपिअरचा फ्यूज म्हणजे १५,००० मिलिअँपिअर. ओल्या अंगाच्या माणसाचा अडथळा साधारण १००० ओहम धरला तर २३० व्होल्टवर त्याच्यातून २३० मिलिअँपिअर वाहतात. माणूस मरायला ते पुरेसे आहेत, आणि फ्यूजच्या दृष्टीने ती एखाद्या पन्नास-साठ वॉटच्या बल्बएवढी किरकोळ बाब आहे.

म्हणून डाल्झील यांनी १९६१ मध्ये अशा उपकरणावर काम केले, जे प्रवाह किती आहे हे न पाहता गेलेला आणि परत आलेला प्रवाह सारखा आहे का, हे पाहते. फेजने पाच मिलिअँपिअर जास्त गेले आणि न्यूट्रलने परत आले नाहीत, म्हणजे ते कुठून तरी गळत आहेत, कदाचित माणसातून. मग डोळ्याचे पाते लवायच्या आत पुरवठा तोडायचा. अमेरिकन संहितेने हे उपकरण १९६८ साली पोहण्याच्या तलावातील दिव्यांना सक्तीचे केले आणि १९७१ च्या आवृत्तीत घराबाहेरच्या सॉकेटना. पाणी आणि उघडे अंगण, जिथे माणूस जमिनीचा होतो, तिथून सुरुवात झाली हे लक्षात घेण्यासारखे आहे. युरोपात आणि आपल्याकडे हेच उपकरण ३० मिलिअँपिअरवर बेतलेले मिळते, त्याला आपण आरसीसीबी म्हणतो.

ब्रिटनने आणखी एक पाऊल टाकले. तिथे अनेक घरांत अर्थिंगची तार पुरवठ्याच्या न्यूट्रललाच जोडलेली असते. रस्त्यातली न्यूट्रल तुटली तर घरातल्या सगळ्या धातूवर दाब येतो, पण घरातला माणूस चिमणीसारखा आत असतो. कॅराव्हॅनमधला माणूस मात्र दार उघडून गवतावर उतरतो. म्हणून २००२ च्या नियमांनी अशी अर्थिंग कॅराव्हॅनला द्यायला बंदी केली. तिथे जमिनीत स्वतंत्र रॉड ठोकावा लागतो. पायरीवरचा तो एक क्षण ओळखून केलेला हा कायदा आहे.

याच इतिहासात एक नाव मला अचानक भेटले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील विद्युत अभियंते विल्यम कोवेनहोवेन यांनी तारांवर काम करणाऱ्या कामगारांच्या मृत्यूंमुळे हृदय आणि वीज यांचा अभ्यास सुरू केला. त्यातून १९६० साली दोन सहकाऱ्यांसह त्यांनी छाती दाबून हृदय चालू ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आज जगभर शिकवली जाणारी ही पद्धत शॉक लागलेल्या कामगारांच्या शोधातून आली आहे. मामांना कांदा हुंगवला जात होता तेव्हा तिला अठरा वर्षे झाली होती.

आपली चाकांवरची घरे

आपल्याकडे हौसेची मोटरहोम नव्हती, पण चाकांवरची घरे पुष्कळ होती आणि आहेत. नारायणगावच्या राहुट्यांतून सुपारी घेऊन निघणारे तमाशाचे फड, त्यांचे ट्रक, वारीत दिंडीमागे चालणारे ट्रक, मुंबईतल्या चित्रीकरणाच्या व्हॅनिटी व्हॅन आणि टुरिंग टॉकीज. या शेवटच्या जगावर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला आणि २०१६ साली त्याची कान महोत्सवात दखल घेतली गेली.

टुरिंग टॉकीजच्या ट्रकातही दोन विजा होत्या. जुन्या प्रोजेक्टरमध्ये दोन कार्बनकांड्यांमध्ये पेटणारी ज्योत असे. तिला एकदिश प्रवाह लागतो, तो दिला तरच धन कांडीच्या टोकाला पांढराशुभ्र, स्थिर प्रकाश मिळतो. म्हणून जनरेटरची उलटसुलट वाहणारी वीज ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायरमधून नेऊन एकदिश करावी लागे. मोटरहोममधला कन्व्हर्टर जे काम करतो, तेच. मामांच्या ट्रकातला रेक्टिफायर लोखंडी पेटीत होता आणि पेटी ट्रकच्या जमिनीला बोल्टने आवळलेली होती.

आता मालकाची दुसरी गोष्ट घेऊ : बारा वर्षे काही झाले नाही. ड्रायव्हरला मी विचारले, त्या दिवशी वीज कुठून होती? तो म्हणाला, जनरेटर आदल्या रात्री बसला होता, म्हणून शेजारच्या पिठाच्या गिरणीतून दोन तारांची वायर ओढली होती. इथे सगळे जुळते. ट्रकवरच्या जनरेटरचे कोणतेही टोक जमिनीला जोडलेले नव्हते. पेटीतल्या जुन्या ट्रान्सफॉर्मरची एक तार गळून बॉडीला लागली, तरी जमिनीवर उभ्या माणसातून जनरेटरकडे परत जायला वाट नव्हती. दोष वर्षानुवर्षे असेल, पण मुका. गिरणीची वीज वेगळी. तिची न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीत गाडलेली असते. म्हणजे जमीनच परतीची तार होते. तोच दोष, तीच मशीन, फक्त वीज बदलली, आणि मुका दोष जीवघेणा झाला.

मग पहिला खेळ निर्वेध कसा पार पडला? हे तिकिटावरच्या माणसाने सांगितले. दोन खेळांच्या मध्ये गिरणीवाल्याने दळणासाठी वायर काढायला लावली होती आणि नंतर ती पुन्हा खोचली. प्लग दोन पिनांचा, कसाही बसणारा. पहिल्या वेळी गळकी बाजू न्यूट्रलवर पडली असावी, दुसऱ्या वेळी फेजवर. अर्थिंगची तार नव्हतीच. तंबूत धूळ बसावी म्हणून दोन खेळांच्या मध्ये पाण्याचा सडा मारायची रीत होती आणि तो ट्रकच्या पायरीपर्यंत पोचला होता. मामांची चप्पल तंबूच्या दाराशी सापडली.

मालकाच्या दोन्ही साक्षी खऱ्या होत्या. त्या हृदयविकाराच्या नव्हत्या, शॉकच्याच होत्या. आतले चौघे वाचले, कारण ते आत होते. बारा वर्षे कुणी मेले नाही, कारण बारा वर्षे जनरेटर चालू होता.

हे ज्ञान तेव्हा आपल्या देशात नव्हते असेही नाही. १९५६ चे भारतीय विद्युत नियम होते, अर्थिंगची भारतीय मानक संहिता १९६६ पासून होती. पुढे नियमांत ६१-अ हा नियम आला आणि पाच किलोवॅटपासूनच्या जोडण्यांना गळती ओळखणारे उपकरण सक्तीचे झाले. पण नियम कार्यालयात असतो आणि वायर यात्रेत. ती ओढणाऱ्या माणसाला ‘गाडीला तिसरी तार का’ याचे उत्तर त्याच्या भाषेत कुणी दिले नव्हते. २०२१ साली महाराष्ट्राने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. आता हौसेची चाकांवरची घरे सह्याद्रीत आणि कोकणात उभी राहतील, पावसाळ्यातही. म्हणून आज हे लिहिणे मला गरजेचे वाटते.

करायचे काय, ते फार नाही. केबल तीन तारांचीच हवी. खोचण्याआधी सॉकेटची तपासणी करावी : फेज जागेवर आहे का, अर्थ खरोखर पोचते का. गाडीत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असावी आणि तिचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. खोचताना आणि काढताना आतला मुख्य स्विच बंद असावा. उरलेली केबल वेटोळे करून ठेवू नये, भाराखाली ती तापते. जनरेटरचा धूर झोपण्याच्या जागेकडे येऊ देऊ नये, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि दाराला हात लावताना झिणझिण्या आल्या, तर ‘थोडा करंट मारतोय’ म्हणून हसून सोडून देऊ नये. आत असाल तर आतच थांबावे, बाहेरच्याला पुरवठा तोडायला सांगावे. गाडीला आग लागल्यामुळे उतरणे भागच असेल, तर दांडी न धरता दोन्ही पाय जोडून उडी मारावी, म्हणजे गाडी आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श होणार नाही.

दरवर्षी पौषात मी त्या यात्रेला जातो. सोबत टेस्टर, मीटर आणि चार फुटी रॉड असतो. फडवाले आता ओळखतात. गेल्या साली एका तरुण ड्रायव्हरने विचारले, “काका, गाडी रबरावर उभी आहे, तिला कशाला अर्थिंग?” मी त्याला म्हटले, रबरावर उभी आहे म्हणूनच. मग त्याच्या वहीत चिमणी, तार आणि पायरी काढून दाखवली. त्याने स्वतः रॉड ठोकला, वर मिठाचे पाणी ओतले.

मामी आता ऐंशीच्या पुढे आहेत. तेच चित्र मी त्यांनाही काढून दाखवले. त्या बराच वेळ कागदाकडे पाहत होत्या. वीज, न्यूट्रल यांतले किती कळले मला माहीत नाही. शेवटी त्यांनी एकच विचारले, “म्हणजे त्यांनी काही चूक केली नव्हती ना?”

“नाही मामी,” मी म्हटले, “ते नुसते कामावर परत चढत होते.”

त्यांनी कागदाची घडी घातली आणि देवघरातल्या मामांच्या फोटोमागे ठेवून दिली.